गमरेबाईंच्या एक्कावन्न चिठ्ठ्या

राही रावजी गमरे आमच्या शाळेत गणित शिकवायला आल्या त्या १९८३च्या जूनमध्ये. पालशेवडीचं माध्यमिक विद्यालय तेव्हा आठवी ते दहावी एवढंच होतं. तीन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. मी मुख्याध्यापक. गणिताची जागा दीड वर्ष रिकामी होती. गुहागरच्या बाजूला यायला गणिताचा पदवीधर मिळत नसे, आणि मिळालाच तर गणपतीच्या सुट्टीला गेलेला तो परत येत नसे. त्यामुळे बाईंचा अर्ज आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. बी.एस्सी., विषय गणित आणि संख्याशास्त्र. बी.एड. रत्नागिरी. अनुभव म्हणून लिहिलं होतं: सरकारी नमुना पाहणीत आठ महिने तात्पुरती अन्वेषक, म्हणजे घरोघर जाऊन माहिती लिहून घेणारी.

त्यांचे वडील अलोऱ्याला कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत हेल्पर होते. बाई वाढल्या तिथेच, वसाहतीच्या शाळेत शिकल्या, पुढे चिपळूणला कॉलेजात रोज एसटीने जाऊन-येऊन. वय सव्वीस. बोलणं कमी, अक्षर टपोरं, आणि फळ्यावर लिहिताना प्रत्येक बेरजेखाली पट्टीने रेघ मारायची सवय.

शाळा बाजारवाडीत, रस्त्याला लागून. बाजारवाडीत तीन-चार घरांच्या पडव्या भाड्याने देण्यासारख्या होत्या, पण बाईंना खोली मिळाली नाही. कारण सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी ते बोललं नाही. मीही बोललो नाही. बाई पऱ्यापलीकडच्या, म्हणजे ओढ्यापलीकडच्या, बौद्धवाडीत विठू गमऱ्यांच्या घरी राहिल्या. ते त्यांचे नात्यातले नव्हते, आडनाव तेवढं एक. तिथून शाळेला यायला वीस मिनिटं लागत. त्या कधी उशिरा आल्या नाहीत.

१९८४च्या डिसेंबरात तालुक्याहून एक परिपत्रक आलं. नळपाणी योजनेसाठी गावं निवडायची होती. प्रत्येक गावातल्या मुख्याध्यापकाने तीस घरांची पाहणी करून फॉर्म भरायचे, त्यावर सरपंचांची सही घ्यायची आणि पंधरा दिवसांत पाठवायचे. कोणती तीस घरं, ते लिहिलेलं नव्हतं. प्रश्न चार होते. त्यातला मुख्य प्रश्न असा: पाण्याच्या एका खेपेला, म्हणजे जाऊन, भरून, परत यायला, किती मिनिटं लागतात?

मी आणि आमचा शिपाई सखाराम दोन दुपारी बाहेर पडलो. सखारामच्या टाचेला भेग पडली होती, तो फार चालू शकत नव्हता, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे चढायचा कंटाळा मलाही होता. बाजारवाडीतली बावीस घरं झाली, मधल्यावाडीतली आठ. जिथे दार उघडं दिसलं तिथे गेलो, बंद दिसलं तर पुढच्या घरी. लोकांनी चहा दिला. बहुतेकांच्या आवारातच विहीर, त्यामुळे उत्तरं पटापट मिळाली. सरपंच धोंडूतात्या साळवींनी न वाचता सही केली. फॉर्म गेले. त्यांची दुसरी प्रत मी कपाटात ठेवली आणि विसरलो. फेब्रुवारीत निवडलेल्या गावांची यादी लागली. तिच्यात पालशेवडी नव्हतं. शेऱ्यात दोन शब्द होते: टंचाई नाही.

त्याच महिन्यात बाई माझ्याकडे आल्या.

"सर, ते पाण्याचे फॉर्म आहेत ना, त्यांची प्रत हवी होती. नववीला सरासरी शिकवायची आहे. पुस्तकातली उदाहरणं कुठल्या तरी कारखान्याची आहेत. मुलांना आपल्या गावचे आकडे दिले तर बरं."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मी गठ्ठा काढून दिला. दोन दिवसांनी मला त्यांच्या वर्गाचं निरीक्षण करायचं होतं. बाईंची परिवीक्षेची दोन वर्षं जूनमध्ये संपत होती आणि कायम करण्याच्या ठरावासाठी माझा अहवाल लागणार होता. मी मागच्या बाकावर जाऊन बसलो.

मुलांनी तीस आकडे फळ्यावरून उतरवून घेतले, बेरीज केली, तीसने भागलं. उत्तर आलं चार मिनिटं. सगळ्यांचं तेच. तेवढ्यात चिमा गोताड उभी राहिली. सड्यावरच्या, म्हणजे वर कातळाच्या पठारावरच्या, वाडीतली मुलगी, वर्गात सहसा तोंड न उघडणारी.

"बाई, गणित चुकलंय."

"कुठे चुकलं? पुन्हा करून बघ."

चिमाने उभ्या उभ्या पुन्हा बेरीज केली. "बेरीज बरोबर हाय," ती म्हणाली. "पन चार मिन्टांत पानी कुनाकडं? आमची आय चाय घेऊन निघते ती आमी शाळंला निघाताव तवा वाटेत भेटते. एका हंड्याला."

दोघंतिघं हसले. बाई हसल्या नाहीत. "बेरीज बरोबर, भागाकार बरोबर," त्या म्हणाल्या. "आणि चिमाची आईपण खोटी नाही. मग चुकलं काय?"

रघू नावाचा मुलगा बसल्या जागेवरून म्हणाला, "घरं चुकली."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. "घरं कुणी निवडली ते राहू दे," त्या म्हणाल्या. "ती कशी निवडली गेली असतील ते सांगा. आई कालवणाची चव घेते तेव्हा आधी काय करते?"

"ढवळते," मुली म्हणाल्या.

"न ढवळता वरचं पाणी पळीत घेतलं तर?"

"अळणी लागंल."

"मग ती आणखी मीठ घालेल. चूक पळीची नाही, कालवणाचीही नाही. ढवळलं नाही, एवढंच."

मी तास संपायच्या आत उठून आलो. मला राग आला होता. दुपारच्या सुट्टीत बाई कार्यालयात आल्या तेव्हा मी वर न बघता म्हणालो, "बाई, माझ्यासमोर माझ्याच फॉर्मची चिरफाड करायची काही गरज होती?"

"आकडे तुमचे आहेत हे मुलांना मी सांगितलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "सखाराम पंधरा दिवस सगळ्यांना सांगत होता." मग म्हणाल्या, "तुमची चूक नाही असं मी म्हणणार नाही, सर. चूक आहे. लबाडी नाही, एवढं मला माहीत आहे. मीपण पाहणीच्या कामात पहिल्या महिन्यात हेच केलं होतं. आमच्या पर्यवेक्षकांनी माझे साठ फॉर्म फाडले आणि पुन्हा पाठवलं."

"मग आता काय करायचं म्हणता?"

"नववीकडून नीट करून घेऊ. परीक्षेनंतर. झालं तर गावाच्या उपयोगी पडेल, नाहीतर मुलं शिकतील."

मी हो म्हणालो नाही. नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

पुढचे तीन आठवडे नववीच्या वर्गात गणिताच्या तासाला जे चाललं ते अभ्यासक्रमात नव्हतं. मी पडवीतून जाता-येता ऐकत असे. घरं निवडायची कशी, यावर बाईंनी मुलांना बोलतं केलं होतं. एकजण म्हणाला, शाळेतल्या पोरांनाच विचारू, चालायला नको. बाईंनी विचारलं, धनगरवाडीतली मुलं हायस्कुलात किती? दोन. म्हणजे सगळी धनगरवाडी त्या दोघांच्या तोंडून बोलणार. दुसऱ्याने सुचवलं, शनिवारच्या बाजारात उभं राहून विचारू. चिमा म्हणाली, जिला पान्याला जायचं ती बाजारला येतेच कुटं. रघूचं म्हणणं होतं, रस्त्यापासून सुरू करून प्रत्येक सातवं घर घ्यावं. बाईंना ही पद्धत बरी वाटली. अशीही करतात, त्या म्हणाल्या, पण त्याला सगळी घरं ओळीत लागतात. आपल्या वाड्या कुठे ओळीत आहेत? पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायवाटेच्या, दोन्ही अंगांना वर-खाली विखुरलेल्या. सातवं घर कोणतं यावरच भांडण होईल आणि मग जो मोजेल तो सोयीने मोजेल.

शेवटी त्यांनी चिठ्ठ्यांचा मार्ग सांगितला. आधी गावातल्या एकूणएक घराची यादी. यादीतल्या प्रत्येक घराची एक चिठ्ठी. डोळे मिटून काढायची, निघेल त्या घरी जायचं. पुस्तकात याला यादृच्छिक निवड म्हणतात. मुलांनी तो शब्द वहीत लिहून घेतला आणि पुढे सगळे 'चिठ्ठी टाकणं' असंच म्हणत राहिले.

एकदा मी त्यांना विचारलं, "बाई, तुम्ही हुशार आहात, गाव तुम्हाला आता माहीत आहे. प्रत्येक वाडीतली चार-पाच घरं तुम्हीच विचार करून का नाही निवडत? चिठ्ठ्यांचा खेळ कशाला?"

बाई म्हणाल्या, "सर, मी राहते बौद्धवाडीत. पाणीही तिथल्याच झऱ्यावरून आणते. मी घरं निवडली तर उद्या कुणीही म्हणेल की गमरेबाईंनी आपल्या वाडीचं दुखणं मोठं करून दाखवलं. आणि खरं सांगू का, ते खोटं असेलच असं मीपण छातीवर हात ठेवून सांगू शकणार नाही. नकळत होतं. चिठ्ठीला वाडी नसते."

यादी ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या वहीवरून करायची ठरली. वहीत घरं होती तीनशे सव्वीस. बाईंनी मुलांना दोन रविवार वाड्यावाड्यांतून फिरवलं आणि प्रत्यक्ष चुली मोजून आणायला सांगितल्या. चुली भरल्या तीनशे एक्कावन्न. पंचवीस घरं वहीत नव्हतीच. धनगरवाडीतली अकरा, कारण तिथे अर्ध्या खोपटांना नंबरच पडलेला नव्हता. बौद्धवाडीतली आठ, भाऊ वेगळे झाले तरी वहीत एकच नाव. बाकीची सहा इकडेतिकडे. "जे यादीतच नाही त्याची चिठ्ठी निघणार कशी," बाई मुलांना म्हणाल्या. त्या पंचवीस घरांची नावं यादीत शेवटी लाल शाईने लिहिली गेली.

पाच वाड्या, पाच वेगळे डबे. म्हणजे एखादी वाडी नुसत्या नशिबाने सुटायला नको. प्रत्येक डब्यातून साधारण सात घरांमागे एक चिठ्ठी. बाजारवाडीच्या चौदा, मधल्यावाडीच्या तेरा, सड्यावरच्या बारा, बौद्धवाडीच्या सात, धनगरवाडीच्या पाच. एकूण एक्कावन्न. परीक्षा संपल्यावर, एप्रिलच्या मध्यावर, शाळेच्या पडवीत सर्वांसमोर चिठ्ठ्या काढल्या. धोंडूतात्यांना मीच बोलावलं होतं. सरपंच आणि शाळा समितीचे अध्यक्ष, दोन्ही तेच. खुर्चीवर बसून ते शेवटपर्यंत ऐकत राहिले. शेवटची चिठ्ठी निघाल्यावर म्हणाले, "माझं घर नाही निघालं?"

"नाही तात्या," बाई म्हणाल्या.

"मग एक माझं घाला. गावची माहिती सरपंचाला नसणार तर कुणाला?"

"तुमचं घातलं तर उपसरपंचांचं घालावं लागेल. मग पोलीस पाटलांचं. डबे ठेवून काय उपयोग?"

"म्हणजे शेवरीच्या झाडाखालच्या त्या म्हातारीला विचारणार आणि मला नाही."

"तिची चिठ्ठी निघाली," बाई म्हणाल्या.

तात्या उठले आणि काठी टेकत गेले. जाताना मला म्हणाले, "ओकमास्तर, जूनमध्ये बाईंचा ठराव आहे ना समितीत?" मी ऐकलं, बाईंनीही ऐकलं.

मुलं जोडीने जायची. प्रत्येक जोडीत एक मूल त्या वाडीतलं आणि एक दुसरीकडचं, असं बाईंनी ठरवलं होतं, त्यामुळे बाजारवाडीतली काही मुलं पहिल्यांदाच पऱ्या ओलांडून गेली. एका घरी पडवीच्या पायरीवरच फॉर्म भरून घेतला गेला, आत बोलावलं नाही. कुणाच्या घरी कुणाला, ते मी इथे लिहीत नाही. फॉर्म भरला गेला. बाईंची एक अट मात्र कडक होती. घर बंद असलं तर शेजारच्या घरी जायचं नाही. दुसऱ्या वेळी जायचं, तिसऱ्या वेळी जायचं, पण त्याच घरी.

पहिल्या फेरीत चौदा घरं बंद निघाली. मी म्हणालो, "बाई, सदतीस झाली ना? चौदाच्या जागी शेजारची घ्या आणि संपवा. मुलांना सुट्टी लागली आहे, आंबे काढायचे आहेत."

"ती घरं बंद का आहेत ते आधी कळू दे," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या फेरीत सहा उघडी मिळाली. उरलेल्या आठांसाठी मुलं तिसऱ्यांदा जायला कुरकुरली. तेव्हा बाई स्वतः निघाल्या. मीही त्यांच्याबरोबर गेलो. का गेलो ते मला नीट सांगता येणार नाही. कपाटातल्या त्या गठ्ठ्याकडे बघणं मला जड जाऊ लागलं होतं, हे एक कारण असावं.

धनगरवाडी सड्याच्याही वर आहे. सगळा कातळ, सकाळी नऊलाच तापलेला. तिथे सखू नावाच्या बाईचं घर होतं, दोन फेऱ्यांत बंद मिळालेलं. आजही बंद होतं. आम्ही तिच्या दाराशी गोठ्याच्या सावलीत बसलो. एक तास गेला. मग खालून सखू आली, डोक्यावर हंडा, काखेला कळशी. तिने हंडा उतरवला, पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "शाळेची पोरं दोनदा येऊन गेली म्हनं. वायच थांबायची. मी घरात असते तर पानी कोन आननार?"

"आता पुन्हा जायचं आहे का?" बाईंनी विचारलं.

"जायाला नको? गुरांना कुटलं?"

"आम्ही येतो बरोबर."

बाईंनी मनगटावरचं घड्याळ बघून वहीत वेळ लिहिली. आम्ही तिघं कातळावरून उतरलो, करवंदीच्या जाळीतून घळीत गेलो. तिथे खडकाच्या बेचक्यात एक खड्डा होता आणि त्यात बोटाएवढी धार पाझरत होती. आधी पाच बायका बसलेल्या. प्रत्येकीने करवंटीने पाणी भरायचं, खड्डा रिकामा झाला की पुन्हा साठेपर्यंत बसायचं. कुणी घाई करत नव्हतं, कारण घाई करून पाणी वाढत नव्हतं. मी एका दगडावर बसलो. या बायकांची घरं डिसेंबरात मला बंदच मिळाली असती, आणि मी बंद घरं मोजलीच नव्हती. ज्या प्रश्नासाठी आम्ही हिंडत होतो त्याचं उत्तर देणारी माणसं नेमकी त्याच कारणाने घरात नव्हती. हे मला इतक्या उशिरा आणि त्या दगडावर बसून कळलं.

सखूच्या घरी परतलो तेव्हा बाईंनी पुन्हा घड्याळ पाहिलं. दोन तास पस्तीस मिनिटं. सखूने आम्हाला प्यायला पाणी पुढे केलं. बाईंनी दोन घोट घेतले. मी एक घोट घेतला.

उरलेल्या आठांपैकी चार घरं अशी मिळाली. चार मिळालीच नाहीत, ती माणसं कायमची मुंबईला गेली होती. त्यांच्यापुढे बाईंनी तसंच लिहिलं आणि ती सोडून दिली. सत्तेचाळीस फॉर्म झाले. चिमाने आणि रघूने पडवीत बसून बेरजा केल्या. पहिल्या फेरीत भेटलेल्या सदतीस घरांची सरासरी एका खेपेला एक्केचाळीस मिनिटं. नंतर भेटलेल्या दहा घरांची एकशे तीस. सगळी मिळून साठ.

"पहिल्याच फेरीत थांबलो असतो तर एक्केचाळीस लिहिलं असतं," बाई मुलांना म्हणाल्या. "तेही तुम्हाला खरंच वाटलं असतं."

आम्ही दोघं एसटीने तालुक्याला गेलो. तिथल्या साहेबांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. ते वाईट गृहस्थ नव्हते. म्हणाले, "मास्तर, एकात चार मिनिटं, एकात साठ. दोन्हींवर तुमच्या शाळेचा शिक्का. मी कोणता खरा धरू? आधीचा चुकीचा असेल तर तसं लिहून द्या."

मी सांगितलं की विचार करून कळवतो. पाच दिवस मी विचार करत होतो. चौतीस वर्षांच्या नोकरीत माझ्या सहीखालचा कागद मी कधी मागे घेतला नव्हता. तात्यांनी निरोप पाठवला की जुनं उकरू नये, त्यावर त्यांचीही सही आहे. बाईंनी मला एकदाही विचारलं नाही. सहाव्या दिवशी मी पत्र लिहिलं. डिसेंबरची पाहणी रस्त्यालगतच्या दोन वाड्यांपुरतीच झाली होती, बंद घरं वगळली होती आणि पाणी भरपूर असण्याच्या दिवसांत ती केली होती; सबब ती गावाचं चित्र दाखवत नाही. पत्र बाईंना वाचायला दिलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "दिवसांचं माझ्या लक्षात आलं नव्हतं, सर. बरोबर आहे. एप्रिलचं आणि डिसेंबरचं पाणी एक कसं असेल?" त्यांनी ते आपल्या वहीत टिपून ठेवलं.

मेमध्ये तालुक्याहून एक तरुण अभियंता पडताळणीला आला. आल्या आल्या म्हणाला, "शाळेतल्या मुलांनी भरलेल्या फॉर्मवर योजना देता येत नाही." बाईंनी त्याच्यापुढे पाच डबे ठेवले. सगळ्या चिठ्ठ्या पुन्हा घालून ठेवलेल्या होत्या. "तुम्ही काढा," त्या म्हणाल्या. "कोणती काढता ते आम्ही बघत नाही. घरीही तुम्हीच जा."

त्याने दहा काढल्या. दोन दिवस फिरला. त्यात धोंडूतात्यांची चिठ्ठी निघाली आणि तात्यांनी त्याला आमरस-पुरीचं जेवण घालून आपल्या विहिरीची खोली सविस्तर सांगितली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो सड्यावरून लाल तोंडाने उतरला. त्याच्या दहा घरांची सरासरी सत्तावन्न मिनिटं आली.

"तुमचे साठ आणि माझे सत्तावन्न," तो म्हणाला. "जमलं म्हणायचं."

"साठच आले असते तर मला शंका आली असती," बाई म्हणाल्या.

जूनमध्ये समितीची सभा झाली. तात्यांनी ठराव पुढे ढकलला, म्हणाले बाईंचं काम अभ्यासक्रमाबाहेरचं असतं. मी नववीचा निकाल पुढे ठेवला. गणितात सत्तावीसपैकी चोवीस पास होती, त्याआधीच्या वर्षी अकरा होती. ऑगस्टमध्ये पुन्हा सभा झाली आणि चार विरुद्ध तीन मतांनी बाई कायम झाल्या. तात्यांनी विरोधात मत दिलं. पण त्यानंतर चार-आठ दिवसांनी त्यांनीच माझ्याकडे विचारणा केली की गावात भाताच्या नव्या बियाण्याची पाहणी करायची तर बाई चिठ्ठ्या काढून देतील का.

योजनेच्या पुरवणी यादीत पालशेवडीचं नाव १९८६ साली लागलं. खाली पऱ्याच्या काठी विहीर खणली, सड्यावर टाकी बांधली. सत्त्याऐंशीच्या मार्चमध्ये सड्यावरच्या वाडीत आणि बौद्धवाडीत नळाला पाणी आलं. उद्घाटनाला पाहुणे होते, भाषणं झाली. भाषणांत बाईंचं नाव आलं नाही. मी दोन वाक्यं बोलायला उभा राहिलो होतो, पण वेळ संपली म्हणून मला बसवलं. बाई समारंभाला नव्हत्याच, दहावीची बोर्डाची परीक्षा होती आणि त्या केंद्रावर पर्यवेक्षक होत्या. नळ आला तेव्हा चिमाला दहावी पास होऊन वर्ष होत आलं होतं. ती चिपळूणला डी.एड.ला गेली होती.

पाणी धनगरवाडीपर्यंत गेलं नाही. टाकी सड्यावर आणि धनगरवाडी तिच्याही वर, पंपाला तेवढा जोर नव्हता. अभियंत्याने ते आधीच सांगितलं होतं. सखू अजून त्याच घळीत उतरते.

मी यंदा, १९८९च्या मेअखेरीस, निवृत्त झालो. बाईंचं गेल्या वर्षी लग्न झालं. यजमान दाभोळला पोस्टात आहेत, शनिवारी इकडे येतात. बाजारवाडीत शाळेमागच्या घरात त्यांनी आता खोली घेतली आहे, घरमालकाने आपण होऊन विचारलं. एप्रिलमध्ये त्यांनी नव्या नववीला घेऊन धनगरवाडीची यादी पुन्हा करायला घेतली. या वेळी चुली सदतिसाच्या एक्केचाळीस झाल्या आहेत आणि त्यातल्या नऊ अजून घरपट्टीच्या वहीत नाहीत.